विहिणीची पंगत समसमान

सातपिंपळ गावात विहिणीच्या पंगतीतला आग्रह टेनिसच्या नियमांनी मोजतात, आणि मोजायला नगरपालिकेचा पंच येतो.

यात नवल काही नाही. फार वर्षांपूर्वी नदीला पूर आला, तेव्हा नगरपालिकेची नियमांची सगळी पुस्तकं वाहून गेली. कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर एकच पुस्तक कोरडं राहिलं. ते जिमखान्याचं, टेनिसचं होतं. कुठलं तरी पुस्तक हवंच, म्हणून सभेने तेच एकमताने मंजूर केलं. तेव्हापासून गावात दोन पक्ष समोरासमोर आले की ते पुस्तक निघतं. आणि दोन पक्ष सगळ्यांत ईर्ष्येने समोरासमोर येतात ते लग्नात. मुलीची आई वाढते, मुलाची आई नको म्हणते. जी जिंकेल तिच्या गावात जोडप्याने संसार मांडायचा. बाकीच्या गावांत हे कसं ठरवतात कोण जाणे. बहुतेक भांडून.

तर संजीवनी शेवडेच्या मुलीचं लग्न ठरलं, आणि संजीवनीला टेनिसचे गुण कळत नव्हते.

मुलीचं नाव जुई. एसटी स्टँडसमोर तिचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज होतं. लांबून येणाऱ्या गाडीचा नुसता आवाज ऐकून ती सांगायची, प्लग गेलाय की चेन सैल झालीय. मिरजेच्या सौमित्र माईणकरची स्कूटर अशीच एकदा आवाज करत आली, दुरुस्त होऊन गेली, आणि मग काहीही बिघडलेलं नसताना पाच वेळा परत आली. सौमित्रचं काम लॅपटॉपवरचं. वीज आणि चहा असेल तिथे तो राहायला तयार होता. प्रश्न त्याचा नव्हताच. प्रश्न त्याच्या आईचा, कौमुदीताईंचा होता. एकुलता एक मुलगा, त्याने मिरजेतच राहायला हवं, असं त्यांचं म्हणणं. आणि मिरजेत जायचं म्हणजे जुईला गॅरेजचं शटर कायमचं ओढायला लागणार.

जुई फार बोलली नाही. हाताला ग्रीस आणि तोंडात पाना, अशी ती बोलायची तेवढंच बोलली.

"आई, हरू नकोस."

"अगं पण मला गुणच कळत नाहीत!"

"मग शीक," जुई म्हणाली आणि पुन्हा गाडीखाली गेली.

संजीवनी शेचाळीस वर्षांची होती. या वयात शिकायचं म्हणजे ती मोबाइलवर फोटो कसा पाठवायचा एवढंच शिकली होती, तेही चुकून गॅसवाल्याला कुंकवाचा करंडा पाठवून. पण मुलीचा प्रश्न होता. एका सकाळी ती थालीपिठाचा डबा घेऊन पंच भास्करराव तुपे यांच्या घरी गेली. तुपे पूर्वी पाणीपुरवठ्यात होते. कोणाचा नळ कधी सोडायचा हे तीस वर्षं ठरवल्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावर कायमची तटस्थता आली होती.

"पंचाने एका पक्षाला शिकवणं नियमात बसत नाही, वहिनी," ते म्हणाले. "थालीपीठ बसतं. खाता खाता मी आपला मोठ्याने विचार करतो. तुम्ही ऐका."

मग त्यांनी विचार केला.

"पदार्थ पानात पडला की वाढणारीचा गुण. वाढणारी भांडं घेऊन परत फिरली की जेवणारीचा. नको म्हणायला दरवेळी नवं कारण हवं, घ्या म्हणायलाही नवं कारण हवं. पानाभोवतीची रांगोळी ही रेष. रेषेवर पडलं तर आत, रेषेबाहेर पडलं तर गेलं. शपथ संपूर्ण सामन्यात तीनदाच घालता येते."

"एवढं कळतं हो. गुण कसे मोजायचे?"

"पहिला गुण पंधरा. दुसरा तीस. तिसरा चाळीस."

संजीवनी थांबली. "पंचेचाळीस."

"चाळीस."

"पंधरा, तीस, पंचेचाळीस. तिसरीतला पाढा आहे, भास्करराव. पाच कुठे गेले?"

तुप्यांनी थालीपिठाला लोणी लावलं. "पुरात गेले असतील."

"आणि एकही गुण नसला तर?"

"माया."

"काय?"

"माया म्हणायचं. पंधरा-माया, तीस-माया. मूळ पुस्तकात तसा शब्द होता. कारकुनाने शब्दकोश बघून भाषांतर केलंय."

"म्हणजे जिच्याकडे काहीच नाही तिच्याकडे माया?"

"मी भाषांतर केलेलं नाही, वहिनी."

हे संजीवनीला एकदम पटलं. माहेरच्या दोन-तीन बायका तिच्या डोळ्यांसमोर आल्या.

"चाळीसच्या पुढचा गुण मिळाला की डाव जिंकला," तुपे पुढे विचार करू लागले. "तीन डाव. दोन जिंकेल ती जिंकली."

"म्हणजे जिचे एकूण गुण जास्त, ती."

"नाही. इथेच सगळे चुकतात. एकूण गुण कोणी मोजत नाही. मागे एक बाई समोरचीइतकेच गुण घेऊनही हरली. गुण किती पडले याला किंमत नाही, कधी पडले याला आहे."

"हे तर आमच्या सासूबाईंना मी केलेल्या सेवेसारखं झालं," संजीवनी म्हणाली. "बरं, आणि दोघींचे चाळीस झाले तर?"

तुप्यांनी हात पुसले. हा भाग त्यांच्या आवडीचा दिसत होता.

"मग समसमान. चाळीसच्या पुढे आकडाच नाही. पुढचा गुण जी घेईल तिची सरशी. सरशी असताना पुन्हा तिनेच गुण घेतला तर डाव तिचा. दुसरीने घेतला तर पुन्हा समसमान."

"असं किती वेळा?"

"नियमात लिहिलेलं नाही. निकाल लागेपर्यंत पंगतीतून कोणी उठायचं नाही, एवढंच आहे."

चाळीसच्या पुढे आकडाच नाही, हा नियम संजीवनीला सगळ्यांत आवडला. गेली सहा वर्षं ती स्वतः तेच म्हणत होती.

लग्न लागलं. दुपारी दीड वाजता कार्यालयाच्या मधोमध एक पाट मांडला, त्यासमोर केळीचं पान, पानाभोवती रांगोळीची ठसठशीत चौकट. शेजारी नगरपालिकेची उंच लाकडी खुर्ची आली. तिच्यावर तुपे शिडी चढावी तसे चढले आणि त्यांनी गळ्यातली शिट्टी सरळ केली. एका बाजूला मिरजेकर बसले, दुसऱ्या बाजूला सातपिंपळकर. संजीवनीचा नवरा विलास हातात तुपाची तामली घेऊन तिच्या मागे उभा राहिला. त्याचं काम फक्त भांडी पुढे करायचं होतं. तरी घाम त्यालाच फुटला होता.

कौमुदीताई पाटावर बसल्या. ठेंगण्या, ताठ, जरीच्या काठाची मोतिया साडी. मिरजेकडच्या चार पंगतींचा त्यांना अनुभव होता. बसल्याबसल्या त्यांनी पर्समधून प्लास्टिकची फाइल काढून पानाशेजारी ठेवली.

"सुरू करा," तुपे म्हणाले.

"विहीणबाई, मसालेभात घ्या ना थोडा," संजीवनी म्हणाली.

"नको हो, पोट भरलं."

"अजून तर सुरुवात आहे."

"सकाळी उपमा जास्त झाला."

"उपम्याला कुठे जेवण म्हणतात?"

"डॉक्टर म्हणतात," कौमुदीताईंनी फाइल उघडली. "ही बघा साखर. एकशे ऐंशी. भात बंद."

संजीवनीने रिपोर्ट पाहिला. सहीशिक्क्याचा होता. ती भात घेऊन परत फिरली.

"माया-पंधरा," तुपे म्हणाले. वाढणारीचा आकडा आधी सांगायची पद्धत आहे.

पहिला डाव चार गुणांत गेला. कोशिंबिरीला रक्तदाबाचा रिपोर्ट निघाला, भज्यांना पित्ताचा. चौथ्या फेरीत संजीवनीचा नेम चुकला आणि अळूची भाजी रांगोळीच्या बाहेर, थेट विलासच्या नव्या सँडलवर पडली.

"बाहेर. डाव विहीणबाईंचा. वाढणाऱ्या पक्षाची माया."

मिरजेकरांनी टाळ्या वाजवल्या. सातपिंपळच्या बाजूने कोणीतरी म्हणालं, "अळू मात्र छान झालंय." जुई नवऱ्याशेजारी हिरव्या शालूत बसली होती. मेंदीच्या खालून तिच्या नखांतलं ग्रीस दिसत होतं. ती आईकडे बघत नव्हती. बाहेर कोणाची तरी मोटरसायकल सुरू होत नव्हती, तिकडे तिचा कान होता.

दुसऱ्या डावात संजीवनीने पुरणपोळी काढली. गरम, तव्यावरून थेट. विलासने न सांगता तुपाची धार धरली. वास पानापर्यंत गेला आणि कौमुदीताई फाइल उघडता उघडता अर्धा क्षण थांबल्या. तेवढ्यात पोळी पानात पडली. पुढे दोन शपथा खर्ची पडल्या, एक विलासच्या गळ्याची, एक सासूबाईंच्या. कौमुदीताईंनीही दोन गुण काढले. पण चाळीस-तीसवर संजीवनी म्हणाली, "विहीणबाई, लोणचं मुलाच्या हातचं आहे. सौमित्रने फोडी केल्यात." आणि आईला नवं कारण सुचलं नाही.

"डाव वाढणाऱ्या पक्षाचा. एक-एक."

तिसरा डाव रखडत, खेचत चाळीस-चाळीसला आला.

"समसमान," तुपे म्हणाले.

पुढच्या फेरीत कौमुदीताईंनी, संजीवनीने परत न फिरता ओळीने पुढे केलेल्या वालाच्या उसळीला, भाताला, पापडाला आणि साध्या पाण्यालाही नकार दिला. पाण्याला नकार द्यायचं कारण त्यांनी काय दिलं हे आजही मिरजेत सांगतात.

"सरशी, विहीणबाई."

आता एक गुण, की गॅरेजचं शटर खाली.  संजीवनीने शेवटची शपथ काढली.

"हा एक घास जुईसाठी. माझ्या जुईच्या गळ्याची शपथ."

कौमुदीताईंनी जुईकडे पाहिलं. जुईने पहिल्यांदाच मान वर केली. कौमुदीताईंनी मुकाट्याने पान पुढे सरकवलं.

"समसमान."

मग जिलबी. दोघींची सोळा-सोळा कारणं झाली. सतराव्याला संजीवनीच्या हातून जिलबी निसटली आणि बरोब्बर रांगोळीवर पडली. तुपे खुर्चीवरून उतरले, चष्मा लावून ओणवे झाले, रांगोळीत पाकाचा ठिपका शोधला आणि पुन्हा वर चढले.

"रेषेला लागली. आत. सरशी, वाढणारा पक्ष."

सातपिंपळकर उभे राहिले. विलासने खरवसाचं भांडं पुढे केलं. नुकत्याच व्यालेल्या म्हशीच्या पहिल्या चिकाचा खरवस, वेलची, जायफळ. सौमित्रने गुपचूप सांगितलं होतं, आईला जगात एकच गोष्ट नको म्हणता येत नाही.

संजीवनीने वडी उचलली. कौमुदीताईंनी वडीकडे पाहिलं, फाइलकडे पाहिलं, फाइल मिटली.

"नको, विहीणबाई," त्या हळूच म्हणाल्या. "डब्यात द्या. घरी जाऊन खाईन."

"घरी कोण आहे?" संजीवनीने विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं म्हणून नाही. पुढचं कारण म्हणून विचारलं.

"कोणी नाही," कौमुदीताई म्हणाल्या. "मी आहे."

आता संजीवनीकडे उत्तरं होती. मग इथेच खा. एकटीने खाल्लेलं अंगी लागत नाही. घरी नेईपर्यंत नासेल. सगळी जिभेवर होती. त्यातलं एक म्हटलं की जुई इथे, सौमित्र इथे, आणि ही बाई डबा घेऊन मिरजेच्या गाडीत. न म्हटलं, तर काय, याचा तिने हिशोब मांडला. समसमान. समसमान असेपर्यंत निकाल नाही. निकाल लागेपर्यंत सगळ्यांनी आहे तिथेच राहायचं. आणि असं किती वेळा, हे नियमात लिहिलेलं नाही.

आयुष्यात पहिल्यांदाच तिला टेनिसचे गुण कळले.

"बरं," ती म्हणाली. "मग राहू द्या." आणि भांडं घेऊन परत फिरली.

"समसमान," तुपे म्हणाले.

"अगं, एकच वडी होती!" विलास कुजबुजला.

"तुम्ही तामली सांभाळा," संजीवनी म्हणाली.

पुढचा गुण कौमुदीताईंनी सहज घेतला. पुन्हा त्यांची सरशी. संजीवनीने या वेळी ताक पुढे केलं, आग्रहही असातसाच. "घेताय का ताक?" नुसतं नको म्हटलं असतं तरी मिरज जिंकलं असतं. मिरजेकर टाळ्यांसाठी हात वर करून बसले होते.

कौमुदीताईंनी संजीवनीकडे नीट बघितलं. आधी भांड्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"द्या," त्या म्हणाल्या. "कढीलिंबाची फोडणी दिसतेय."

"समसमान," तुपे म्हणाले, आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. "उजेड अपुरा आहे. सामना उद्या अकराला पुढे चालू."

त्यांनी पॅडवर लिहून दोन्ही पक्षांना एकेक चिठ्ठी दिली. "पंगत तहकूब आहे, उठलेली नाही. विहीणबाईंना हात धुण्यास तात्पुरती परवानगी. मुक्काम वाढणाऱ्या पक्षाच्या घरी."

याला आता नऊ महिने झाले.

कार्यालयाला पुढच्या लग्नांसाठी जागा हवी होती, म्हणून सामना शेवड्यांच्या स्वयंपाकघरात हलवला. खुर्ची फार उंच होती. पाय कापायला सभेचा ठराव लागतो आणि ठराव विषयपत्रिकेवर आलेला नाही, त्यामुळे तुप्यांचं डोकं माळ्यावर पापडांच्या डब्यांत असतं आणि गुण तिथून ऐकू येतात. सौमित्र ओटीवर लॅपटॉप घेऊन बसतो. जुई सकाळी नऊला गॅरेज उघडते. मिरजेहून कौमुदीताईंच्या साड्यांची ट्रंक आली, मग तुळस आली, मग त्यांची आवडती खलबत्त्याची जोडी आली. पुरणपोळी मागे पडली. आता आग्रह ज्वारीच्या भाकरीचा आणि दोडक्याचा असतो. फाइलमधली साखर एकशे पंचवीसवर आली आहे, त्यामुळे कारणं कमी पडतात आणि दोघींना फार विचार करावा लागतो.

बोलणं म्हणाल तर बाकी कशावरही चालतं.

"विहीणबाई, तुमच्या फोडणीत मोहरी तडतडतच नाही," कौमुदीताई म्हणतात.

"तुमच्या मिरजेत तंबोरे वाजतात, मोहरी कुठली ऐकू येणार?" संजीवनी म्हणते. "घ्या, अर्धी भाकरी."

"नको. तुमची अर्धी म्हणजे आमची दीड."

"पंधरा-तीस," माळ्यावरून आवाज येतो.

"भास्करराव, अजून डाव समसमान आहे. तुम्ही पंधरावर कुठे गेलात?"

"माफ करा. पापड मोडला म्हणून लक्ष गेलं. सरशी, विहीणबाई."

"द्या ती भाकरी," कौमुदीताई म्हणतात.

"समसमान."

गेल्या मंगळवारी नगरपालिकेचे अधिकारी आले. हातात नोटीस होती. नऊ महिने पंच एकाच घरी जेवतोय, सामना निकाली निघत नाही, दोन्ही पक्ष मुद्दाम हरतायत अशी तक्रार होती. बहुतेक ज्यांचं लग्न तुप्यांवाचून अडलंय त्यांची. अधिकारी तरुण होते, नवीन बदली होऊन आलेले. त्यांनी उभ्याउभ्याच चौकशी केली.

"तुम्हाला जिंकायचं आहे का?"

"अर्थात," संजीवनी म्हणाली.

"अर्थात," कौमुदीताई म्हणाल्या.

"मग आज निकाल लागलाच पाहिजे. आत्ताच्या आत्ता पुढचे दोन गुण एकीने घ्यायचे. नाही घेतले तर मी चिठ्ठी टाकून निकाल लिहीन." त्यांनी खिशातून पेन काढलं.

 ओटीवर लॅपटॉपची टकटक थांबली. चिठ्ठी टाकणार म्हणजे एक तर शटर खाली, नाही तर ट्रंक आणि तुळस मिरजेच्या गाडीत. संजीवनीला हातातलं पातेलं एकाएकी जड वाटलं. त्यात दुधीचा हलवा होता, बिनसाखरेचा, खजूर घालून. तिने कौमुदीताईंकडे पाहिलं. कौमुदीताईंनी डोळ्यांनीच रिकाम्या पाटाकडे खूण केली.

"साहेब, बसा तरी," संजीवनी म्हणाली. "उन्हातून आलात. हलवा घ्या थोडा."

"नको, नको," अधिकारी म्हणाले.

माळ्यावर डबा सरकला.

"माया-पंधरा," तुपे म्हणाले.

अधिकाऱ्यांनी वर पाहिलं. "हे काय?"

"तुमचा गुण, साहेब. वाढणाऱ्या पक्षाने आग्रह केला, तुम्ही नकार दिला. सामना सुरू झाला. आता निकाल लागेपर्यंत तुम्हाला दुसऱ्याच्या सामन्यावर आदेश काढता येत नाही. पान सात, कलम दोन."

"मी खेळत नाहीये!"

"असं सगळेच म्हणतात," तुपे म्हणाले.

अधिकाऱ्यांनी पुस्तक मागवलं. पान सात, कलम दोन वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग पेन खिशात ठेवून बूट काढले, कारण पाटावर बूट चालत नाहीत.

"पंधराच्या पुढे किती?" त्यांनी विचारलं.

"तीस," कौमुदीताईंनी त्यांच्यासाठी पाट सरकवला. "मग चाळीस. पाचाचं विचारू नका."

"थोडा घ्या," संजीवनी म्हणाली. "खजुराचा आहे."

"मला गोड चालत नाही," साहेब सावधपणे म्हणाले. कौमुदीताईंनी आपली जुनी फाइल त्यांच्याकडे सरकवली, वापरायला.

सहाच्या सुमारास जुई आली. कोपरापर्यंत ग्रीस, केसांत पेट्रोलचा वास. दारात तिला एक अनोळखी बुटांचा जोड दिसला. आत पाटावर एक साहेब बसले होते, त्यांच्या पानाभोवती ताजी रांगोळी होती, आणि सासूबाई त्यांना नको कसं म्हणायचं ते समजावून देत होत्या.

"काय झालं आज?" तिने विचारलं.

"आमचं समसमान," संजीवनी म्हणाली. "यांचं तीस-तीस."

"बरं," जुई म्हणाली, आणि हात धुवायला मोरीकडे वळली. "मला दोडका नको."

"माया-पंधरा," माळ्यावरून आवाज आला.